सगळे म्हणतात ‘मागे सरक’, तरी पुढचं चाक घसरतंच: एमटीबीचं बेसिक हँडलिंग कुठून सुरू करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते बाकीच्यांनाही कळेल. रस्त्यावर तुम्ही बरीच वर्षं सायकल चालवताय, दम चांगला आहे, आता हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेतली. दगडधोंड्यांच्या एका उतारावर पुढचा ब्रेक जोरात लागला आणि तुम्ही हँडलवरून पुढे फेकले गेलात. सोबतच्यांनी सांगितलं की पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही आणि उतारावर अंग जेवढं मागे नेता येईल तेवढं न्यायचं. तेव्हापासून पुढे पडणं थांबलं, पण आता वळणावर पुढचं चाक बाहेर निसटतं, मागचं चाक लॉक होऊन फरफटतं, आणि उतार जरा लांब असला की हात इतके भरून येतात की ग्रिप धरवत नाही. आणि आता तुम्ही विचारताय की बनी हॉप (दोन्ही चाकं उचलून उडी) शिकू, मॅन्युअल (पेडल न मारता फक्त मागच्या चाकावर जाणं) शिकू, का सरळ फुल सस्पेन्शन (मागेही सस्पेन्शन असलेली) सायकल घेऊ.

माझ्या मते यातलं काहीच आत्ता नको. नव्या लोकांना मी बरीच वर्षं शिकवतेय आणि रस्त्यावरून ट्रेलवर (माती-दगडांच्या वाटेवर) आलेल्यांमध्ये नेमकं हेच सगळं एकत्र दिसतं, कारण त्या तिन्ही तक्रारींचं मूळ एक आहे: वजन हातांवर आहे. पडलात तेव्हा तुम्ही हँडलवर रेलला होतात. आता मागे सरकल्यावर हँडलला लटकताय. दिशा बदलली, पण भार हातांनीच पेलला जातोय. तो पायांत आणला की ब्रेकही नीट लागेल, पुढचं चाकही धरेल आणि हातही दुखायचे थांबतील, म्हणून मी सगळ्यांना पहिल्यांदा फक्त उभं राहायला शिकवते आणि लोकांना ते कंटाळवाणं वाटलं तरी सोडत नाही.

आधीच एक सांगते, खाली जे लिहितेय त्यातलं किती तुम्हाला जसंच्या तसं लागू होईल हे तुमच्या सायकलची जॉमेट्री (सांगाड्याचे कोन आणि मापं), टायर, जमीन कोरडी का ओली, तुमची उंची, गुडघ्या-कंबरेचं काही जुनं दुखणं, अशा बऱ्याच गोष्टींवर आहे. आकडे सुरुवातीसाठी धरा आणि मग स्वतःच्या सायकलवर पुढेमागे करून बघा.

तर उभं राहणं. सीट खाली घ्या, ड्रॉपर (बटणाने सीट खाली-वर करणारा दांडा) असेल तर दाबून, नसेल तर क्विक रिलीज किंवा ॲलन की वापरून, निदान एक वीत तरी खाली. सपाट मोकळ्या जागेत सायकल हळू चालू ठेवा, दोन्ही पेडल्स जमिनीला समांतर आणा, त्यांवर उभे राहा. गुडघे थोडे वाकलेले आणि थोडे फाकलेले, टाचा किंचित खाली, कंबरेतून पुढे वाकायचं पण पाठीला कुबड येऊ द्यायचं नाही, कोपरं वाकलेली आणि बाहेरच्या बाजूला, हनुवटी साधारण स्टेमच्या (हँडलला सायकलशी जोडणाऱ्या आखूड तुकड्याच्या) वर. पाऊल पेडलवर ठेवताना रस्त्यावरच्यासारखं फक्त चवड्यावर न ठेवता जरा पुढे सरकवा, म्हणजे पेडलचा दांडा पावलाच्या मध्याच्या जवळ येईल आणि टाच खाली दाबता येईल. आता परीक्षा अशी की दोन्ही हातांची बोटं ग्रिपवरून क्षणभर सैल सोडता येतात का. सोडल्यावर तुम्ही पुढे पडत असाल तर वजन पुढे आहे, मागे जात असाल तर मागे आहे, आणि काहीच झालं नाही, जागच्या जागी उभे राहिलात, तर ती तुमची जागा. चालत्या बसमध्ये दांडी न धरता उभं राहताना आपण जसं आपोआप गुडघे सैल सोडतो आणि पाय घट्ट रोवतो, तसंच अगदी हे आहे.

ही जागा सापडली की उतारावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळा गोंधळ इथे आहे. उतारावर सायकल पुढे कलते पण तुम्ही पेडल्सच्या वर सरळच उभे असता, गुरुत्वाकर्षण सरळ खालीच ओढतं ना. त्यामुळे हँडल तुमच्यापासून खाली आणि दूर जातं, हात जरा लांब होतात, आणि बाजूने फोटो काढला तर माणूस सीटच्या मागे गेलेला दिसतो. बघणाऱ्याला वाटतं हा मागे सरकला. प्रत्यक्षात तो पायांवरून हललेलाच नसतो, सायकल त्याच्याखाली फिरलेली असते. म्हणून मी ‘मागे सरका’ असं कधीच सांगत नाही, ‘हँडल पुढे जाऊ द्या’ असं सांगते, आणि ‘खाली बसा’ असं सांगते, म्हणजे सीटवर नाही, गुडघे-कोपरं वाकवून खाली. उतार जेवढा तीव्र आणि खडबडीत तेवढं अंग खाली, आणि मागे फक्त तेवढंच जेवढ्याने हात हलके राहतील.

तुमच्या मित्रांचा सल्ला हवेतून आलेला नाही हेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकातल्या एमटीबीचा हेड अँगल, म्हणजे हँडलखालच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन, ७१ अंशांच्या आसपास असायचा, स्टेम १२० मिमी किंवा त्याहून लांब, हँडल अरुंद, सीट वर ठेवूनच उतरायची पद्धत. म्हणजे पुढचं चाक जवळजवळ हातांच्या खालीच. अशा सायकलवर जरा पुढे गेलात की उलटलात, त्यामुळे पोट सीटवर टेकेपर्यंत मागे जाणं हाच खरा उपाय होता आणि त्या काळात शिकलेल्या लोकांनी तो पुढे सांगितला. आताच्या ट्रेल बाइकचा हेड अँगल ६४ ते ६६ अंश, स्टेम ३५ ते ५० मिमी, पुढचं चाक तुमच्या बरंच पुढे. यावर तेवढं मागे गेलात तर पुढच्या चाकावर वजनच उरत नाही आणि वजन नसलेला टायर वळणार कसा? तुमची हार्डटेल बहुतेक या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी असेल, क्रॉस कंट्री प्रकारची असेल तर ६७ ते ६९ अंश आणि स्टेम ६० ते ८० मिमी, त्यामुळे तुम्हाला खूप तीव्र उतारावर एखाद्या ट्रेल बाइकवाल्यापेक्षा थोडं जास्त मागे जावं लागेल. पण थोडंच.

आता ब्रेक. यावर जास्त लिहिणार आहे कारण तुम्ही पुढचा ब्रेक सोडून दिलाय आणि त्याने तुमचं नुकसान होतंय.

सायकल मंदावते तेव्हा भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं, आणि उतारावर तर ते आधीच हलकं असतं. हलक्या चाकाला ब्रेक लावला की ते लगेच लॉक होतं. म्हणून तुमचं मागचं चाक फरफटतंय, ब्रेक खराब नाहीये. फरफटणारं चाक थांबवतही कमी आणि बाजूला घसरायला लागलं तर त्याला धरूनही ठेवत नाही, शिवाय ट्रेलची माती उकरली जाते आणि पावसात तिथून पाणी वाहून चर पडतात ते वेगळंच. खरं थांबवण्याचं काम पुढचा ब्रेक करतो. सपाट, कोरड्या, टणक जमिनीवर फक्त मागच्या ब्रेकवर थांबायला साधारण दुप्पट अंतर लागतं. हे माझ्या शब्दावर घेऊ नका, स्वतः मोजा, कसं ते खाली लिहिलंय.

मग तुम्ही पडलात का? मला तीन गोष्टी एकदम घडल्या असं वाटतं. लिव्हर एकदम आवळला गेला, म्हणजे टायरवर भार यायच्या आधीच पूर्ण ब्रेक. हात सरळ ताठ होते किंवा कोपरं कोलमडली, त्यामुळे सायकल थांबली आणि अंग पुढे जात राहिलं. आणि त्याच क्षणी पुढचं चाक कुठल्यातरी दगडाला अडलं, कारण ब्रेक लावलेलं चाक दगडावर चढत नाही, अडकतं. यातली एकच गोष्ट झाली असती तर बहुतेक निभावलं असतं.

योग्य पद्धत अशी. लिव्हरवर प्रत्येक हाताचं एकच बोट, तर्जनी, बाकीच्या बोटांनी ग्रिप धरलेली. चांगल्या डिस्क ब्रेकला एक बोट पुरतं, पुरत नसेल तर लिव्हर आतल्या बाजूला सरकवा म्हणजे बोट लिव्हरच्या टोकाशी येईल आणि जोर वाढेल. ब्रेक आवळायचा नाही, पिळत न्यायचा, अर्ध्या-पाऊण सेकंदात हळूहळू वाढवत. आणि ब्रेक लावतानाच टाचा खाली दाबायच्या आणि अंग खाली न्यायचं, म्हणजे पुढे फेकणारा जोर पायांतून पेडलमध्ये जातो, तळहातांवर येत नाही. टाच खाली दाबण्याची ही हालचाल आणि ब्रेक लावण्याची हालचाल एकमेकींना इतकी चिकटली पाहिजे की एक केली की दुसरी आपोआप झाली. दुसऱ्याची सायकल घेतलीत तर आधी पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते बघा, काही देशांत उजवीकडे असतो आणि काही देशांत डावीकडे, आणि ऑनलाइन व्हिडिओ बघून शिकत असाल तर हा घोळ हमखास होतो.

सराव: मैदानात एक रेघ मारा. ठरावीक स्पीडने या, रेघेवर आल्यावरच ब्रेक लावा, कुठे थांबलात तिथे खूण करा. आधी फक्त मागचा, मग अगदी चालण्याच्या स्पीडला फक्त पुढचा, मग दोन्ही. पावलांनी अंतर मोजा. मग स्पीड वाढवा. स्पीड दुप्पट केला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, हे पुस्तकात वाचून कोणाला भीती वाटत नाही पण पावलांनी मोजलं की डोक्यात बसतं. हेच मग मुरमाड जागेत करा, गवतावर करा, हलक्या उतारावर करा. पुढचा टायर घसरायच्या आधी कसा आवाज करतो, कसा जड लागतो, ते हळू स्पीडला ओळखायला शिका, कारण ती खूण कळायला लागली की पुढच्या ब्रेकची भीती जाते.

आणि ब्रेक कुठे लावायचा हे कसा लावायचा याच्याइतकंच महत्त्वाचं. जिथे जमीन चांगली तिथे लावायचा, जिथे वाईट तिथे सोडायचा. दगडांचा पट्टा येतोय, तर त्याच्या आधीच्या टणक मातीवर स्पीड कमी करा आणि दगडांवर चाकं मोकळी फिरू द्या. नवे लोक बरोबर उलटं करतात, चांगल्या जागी सोडून देतात आणि दगडांवर पोचल्यावर घाबरून आवळतात. अगदी तीव्र उतारावर पूर्ण सोडणं शक्य नसतं हे मान्य, तिथे दोन्ही ब्रेक हलके धरूनच ठेवावे लागतात, पण लांब उतारावर सतत एकसारखा ब्रेक घासत राहू नका, जोरात लावून स्पीड पाडा, मग सोडा, थंड होऊ द्या. उतारावर ब्रेक तापणं ही एमटीबीच्या जन्माइतकीच जुनी गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीमध्ये १९७६ पासून ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत व्हायची, जुन्या जड सायकलींवर, ज्यांचा ब्रेक मागच्या हबच्या आतच असायचा. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस तापून धूर व्हायचं आणि परत नवं ग्रीस भरावं लागायचं, त्यावरूनच शर्यतीला नाव पडलं. आताचे डिस्क ब्रेक कितीतरी बरे, तरी सतत घासले तर पॅड ग्लेझ होतात, म्हणजे काचेसारखे गुळगुळीत होतात, पकड कमी होते, आणि मग माणूस अजून जोरात आवळतो, आणि हात भरून येतात. तुमच्या हातांचं दुखणं निम्मं लटकण्यामुळे आणि निम्मं यामुळे असणार.

इथपर्यंतचं एकत्र बांधायचं तर पाय जड, हात हलके, एक बोट ब्रेकवर, ब्रेकसोबत टाच खाली, दगडांच्या आधी स्पीड कमी. एवढं येत नाही तोवर पुढचं वाचलंत तरी चालेल पण करायला जाऊ नका.

नजरेबद्दल सगळेच सांगतात म्हणून थोडक्यात. ताशी २० किमीला तुम्ही सेकंदाला साधारण साडेपाच मीटर जाता, म्हणजे पुढच्या चाकाजवळचा दगड तुम्हाला दिसला तेव्हा त्याचं काही करायची वेळ गेलेली असते. नजर दोन-तीन सेकंद पुढे, म्हणजे दहा-पंधरा मीटर, आणि तिथून जवळ आणि परत लांब अशी फिरती. ज्या दगडाची भीती वाटते त्याच्याकडे बघत राहिलात तर सायकल तिकडेच जाते, दगडाच्या शेजारची वाट बघा. ‘पुढे बघा’ म्हटल्यावर लोकांना जमत नाही कारण पायाखालचं दिसत नाही म्हणून जीव धास्तावतो. जे एकदा बघून झालं ते पाय आणि गुडघे सांभाळतील असा विश्वास यावा लागतो, आणि तो पहिली पायरी, म्हणजे उभं राहणं, नीट झाल्याशिवाय येत नाही.

आता तुमचं वळण. पुढचं चाक निसटतंय याची तीन कारणं असू शकतात आणि तिन्ही एकेक करून तपासता येतात. एक, मागे लटकल्यामुळे त्यावर वजन नाही. दोन, वळणाच्या आत ब्रेक लावताय. टायरकडे पकड ठरावीक असते, त्यातली काही थांबायला वापरली तर वळायला तेवढी कमी उरते. तीन, टायरमध्ये हवा जास्त आहे. तुम्ही रस्त्यावरून आलाय म्हणून मला तिसऱ्याची दाट शंका आहे, त्याबद्दल पुढे. याउलट मागचं चाक आधी सुटत असेल तर बहुतेक वेळा मागचा ब्रेक अजून धरलेला असतो.

साध्या सपाट वळणाची रीत: वळणाच्या आधी सरळ असतानाच स्पीड पाडून टाका, इतका की आत शिरल्यावर ब्रेकची गरजच पडू नये. बाहेरच्या बाजूने आत या, वळणातून बाहेर पडायची वाट दिसेपर्यंत झुकू नका, मग सायकल आत झुकवा. सायकल झुकवा म्हणतेय, स्वतःला नाही. रस्त्यावर आपण आणि सायकल एकत्र झुकतो, ट्रेलवर सायकल जास्त झुकते आणि अंग त्याच्यावर बऱ्यापैकी सरळ राहतं, आतला हात सरळ होतो, बाहेरचं कोपर वाकतं आणि वर येतं. असं केल्याने टायरच्या बाजूचे गट्टे जमिनीत रुततात आणि तुमचं वजन टायरच्या वरून सरळ खाली राहतं, घसरलं तरी सावरायला जागा मिळते. बाहेरचा पाय खाली आणि सगळं वजन त्या पायावर. मातीचा उचललेला कठडा असलेलं वळण असेल, ज्याला बर्म म्हणतात, तर पेडल्स समांतरच ठेवा आणि तिथे सायकलसोबत झुकलात तरी चालतं कारण कठडा तुम्हाला धरतो. आणि छाती, बेंबी, गुडघे हे सगळं जिथे बाहेर पडायचंय तिकडे वळलेलं पाहिजे, नुसती मान वळवून भागत नाही.

याचा सराव ट्रेलवर करू नका. दोन बाटल्या किंवा दोन दगड दहा-बारा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढा, आधी सीट खाली घेऊन चालण्याच्या स्पीडला, फक्त सायकल पायांमध्ये डावी-उजवीकडे पाडत. बऱ्याच जणांची एक बाजू पक्की आणि एक बाजू कच्ची असते. कच्च्या बाजूला जास्त वेळ द्या, लोक नेमके पक्क्या बाजूचाच सराव करत बसतात कारण ते बरं वाटतं. आठचा आकार हळूहळू लहान करा. ते जमलं की मग स्पीड, मग मुरूम, मग उतार.

अपवाद सांगायला हवेत. खोल वाळू किंवा फुफाटा असेल तर पुढचं चाक रुततं, तिथे वजन थोडं मागे, स्पीड आणि पेडल चालू, ब्रेक नाही, हँडल सैल. ओली मुळं आडवी-तिरकी आली तर शक्य तेवढं काटकोनात ओलांडा, त्यांच्यावर असताना वळायचंही नाही आणि ब्रेकही नाही. ओल्या गुळगुळीत कातळावर तर मी नव्यांना उतरून चालायलाच सांगते.

पुढचं चाक उचलणं मात्र लवकर शिका, बनी हॉपच्या कितीतरी आधी, कारण ट्रेलवर रोज तेच लागतं. खाली दबा, मग हात सरळ करत पाय पुढे ढकला आणि कंबर मागे न्या, चाक आपोआप हलकं होतं. हातांनी हँडल वर ओढायला लागलात तर ते इंचभर उठतं आणि पाठ दुखते. एखादी काठी आडवी ठेवून तिला न लागता पुढचं चाक पलीकडे जातंय का बघा, मागचं लागलं तर लागू द्या, तेवढ्यासाठी मागचं चाक जाताना फक्त पाय हलके करा. अगदी चालण्याच्या स्पीडला पायरीएवढ्या उंचीवरून उतरणं हेही याच हालचालीचं भावंड. बनी हॉप नंतर, आणि शिकाल तेव्हा फ्लॅट पेडलवर शिका. क्लिपलेस, म्हणजे पेडलला अडकणाऱ्या, बुटांनी सायकल नुसती पायांनी वर ओढता येते, त्यात हालचाल न शिकताच शिकल्यासारखं वाटतं.

चढाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, दम असलेल्या लोकांना चढाची काळजी नसते, पण सैल खडीच्या चढावर मागचं चाक रिकामं फिरतं आणि पुढचं उचललं जातं हे लवकरच भेटेल. तिथे उभं राहू नका. सीट वर, चढ यायच्या आधीच हलका गिअर, सीटच्या पुढच्या टोकावर सरका, छाती खाली, कोपरं खाली आणि मागे, आणि पेडल झटके न देता गोल फिरवा. दगडांमधून चढताना पेडल खाली आपटत असेल तर पूर्ण फेरी न मारता अर्धी फेरी पुढे, थोडी मागे, परत पुढे असं टिकटिक करत जायचं. हे मैदानात अगदी हळू स्पीडला करून बघा, जागच्या जागी तोल धरून उभं राहण्याचा सरावही त्यातच होतो. कोण सर्वात हळू जातो अशी दोघातिघांत शर्यत लावा, मी शिकवताना दरवेळी लावते, तोल त्याने जितका लवकर सुधारतो तितका दुसऱ्या कशाने सुधारत नाही.

सायकल बदलायची का? नको. पण आहे तिला नीट लावून घ्या. टायर प्रेशर सगळ्यात आधी. ७० ते ७५ किलोचा माणूस, २.३ ते २.४ इंची ट्यूबलेस टायर असेल तर पुढे २२ ते २४ आणि मागे २४ ते २७ पीएसआयपासून सुरू करा. ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते. तुमचं वजन जास्त असेल किंवा टायर अरुंद असेल तर आणखी वाढवा. पुढचं नेहमी मागच्यापेक्षा जरा कमी. रस्त्याच्या सवयीने ४५-५० भरत असाल तर फक्त एवढ्या बदलाने तुम्हाला वेगळी सायकल मिळाल्यासारखं वाटेल. फोर्कमध्ये (पुढच्या सस्पेन्शनमध्ये) हवा असेल तर सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने तो किती दबतो ते, बघा, पेडल्सवर उभे राहिल्यावर एकूण ट्रॅव्हलच्या (पूर्ण दबण्याच्या अंतराच्या) १५ ते २० टक्के दबला पाहिजे, १२० मिमीचा फोर्क असेल तर १८ ते २४ मिमी. ब्रेक लिव्हर मनगट सरळ राहील अशा कोनात, फार खाली वळलेले नकोत, नाहीतर तळहाताचा टेकू जातो. पेडल फ्लॅट, पिन असलेले, आणि बूट सपाट तळव्याचे. स्टेम फार लांब असेल तर तो बदलणं सायकल बदलण्यापेक्षा खूपच स्वस्त आहे, पण तेही महिनाभर सराव करून मग ठरवा. फुल सस्पेन्शन चांगलंच असतं, मी काही विरोधात नाही, पण ते वजनाची चूक झाकतं आणि तुम्हाला ती आत्ता दिसायला हवीय. हार्डटेल लगेच सांगते.

हेल्मेटचं विचारायचं राहिलं. पडलात तेव्हा डोकं आपटलं होतं का? आपटलं असेल तर वरून धड दिसलं तरी ते हेल्मेट बदला, आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो. आणि गुडघ्याचे पॅड आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज घ्या, कारण गुडघे फुटायची भीती गेली की माणूस सैल उभा राहतो, आणि सैल उभं राहणं हाच तर सगळा खटाटोप आहे.

सराव किती? एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा, हे रविवारच्या चार तासांपेक्षा चांगलं. एका वेळी एकच गोष्ट. आज ब्रेक तर फक्त ब्रेक, त्यात वळण मिसळू नका. हात थकले की थांबा, थकलेल्या अंगाला चुकीचीच सवय लागते. मैदानात जमलं की ट्रेलवर जाऊन पूर्ण ट्रेल न मारता पन्नास मीटरचा एखादा सोपा तुकडा निवडा आणि तोच परत परत करा, सायकल वर ढकलत न्या, परत उतरा. कोणाला तरी बाजूने मोबाइलवर शूट करायला सांगा, आपण खाली बसलोय असं वाटत असतं आणि व्हिडिओत माणूस ताठ उभा असतो, हे जवळपास प्रत्येकाचं होतं.

आणि तो उतार, जिथे पडलात. घाई करू नका पण कायमचा टाळूही नका. जाल तेव्हा जमीन कोरडी असू द्या, सोबत कोणीतरी असू द्या. आधी सायकल बाजूला ठेवून तो चालत वर जा आणि चालत खाली या, ब्रेक कुठे लावायचा त्या चांगल्या मातीच्या जागा हेरून ठेवा, थांबता येईल अशा जागाही हेरा. मग शेवटचा तुकडा आधी करा, तळाजवळचा, जिथे चुकलात तरी पुढे मोकळी जागा आहे. तो दोन-तीनदा नीट झाला की त्याच्या वरचा तुकडा जोडा, असं खालून वर. पडलात तो दगड सगळ्यात शेवटी येईल, आणि त्या दिवशी तिथे पोचल्यावर हात घट्ट आवळले गेलेत असं जाणवलं तर उतरून चालत जा, परत येता येतं. तोवर तुमच्या सायकलचा हेड अँगल, स्टेमची लांबी, टायरची रुंदी आणि आत्ताचं प्रेशर एवढं लिहून कळवा, म्हणजे आकडे तुमच्यासाठी नेमके करून देते.